वसईच्या शिबंदीचें निर्गमन : एका तारखेची आणि एका औदार्याची चिकित्सा

आमचें गांव आटपाडी. माणदेशाच्या या भागांत पाणी हा शब्द विहीर, ओढा आणि तलाव यांपलीकडे फारसा जात नाहीं. समुद्र आम्हीं प्रथम अमरकोशाच्या वारिवर्गांत पाहिला, व प्रत्यक्ष पाहिला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं. १९४८ पर्यंत औंध संस्थानांत व पुढें सातारा-सांगलीच्या बाजूस गणल्या गेलेल्या या कोरड्या गांवीं बसून वसईच्या दर्यावर्दी प्रकरणावर लिहिण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिला, असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, त्या प्रकरणांत आम्हीं एक चूक केली आहे. ती व्याख्यानांत सांगितली, आणि दुर्दैवानें ती छापलीहि गेली. ज्यानें चूक छापविली त्यानेंच दुरुस्तीहि छापवावी, हा न्याय सोपा आहे.

चूक अशी. कांहीं वर्षांपूर्वीं येथील एका वाचनालयांत वसईविजयावर बोलतांना आम्हीं सांगितलें होतें कीं, ५ मे १७३९ रोजीं फिरंग्यांनीं हत्यार ठेवलें आणि २३ मे रोजीं त्यांची शिबंदी तारवांत बसून गेली. तहांत मुदत मात्र आठ दिवसांची. अर्थात् चिमाजी अप्पांनीं आपल्या औदार्यानें आणखी दहा दिवस वाढवून दिले! या दहा दिवसांवर आम्हीं पाऊण तास बोललों. शरणागताचें रक्षण, रामानें बिभीषणास दिलेलें अभय, रघुवंशांतील राजांचे गुण, असें सर्व कांहीं त्या दहा दिवसांत आम्हीं भरलें. टाळ्याहि मिळाल्या. पुढें तें टिपण एका स्मरणिकेंत छापून आलें. मग एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा मुलगा वर्गांत गणितांत हुशार व संस्कृतांत साधारण होता. त्यानें इतकेंच विचारलें होतें : “गुरुजी, ५ मे ही तारीख कोणाच्या कागदांतली, आणि २३ मे ही कोणाच्या?”

या एका प्रश्नानें आमचे दहा दिवस वाहून गेले.

पोर्तुगालनें ग्रेगरीची सुधारलेली कालगणना १५८२ मध्येंच स्वीकारली होती. इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं, म्हणून मुंबईकर इंग्रजांचे १७३९ चे कागद जुन्या ज्यूलियन गणनेचे आहेत. अठराव्या शतकांत दोहोंमधलें अंतर ११ दिवसांचें होतें. इंग्रजांच्या लेखीं जी ५ मे, ती पोर्तुगिजांच्या लेखीं १६ मे. आणि इंग्रजांची १२ मे म्हणजे पोर्तुगिजांची २३ मे. आम्हीं कौलाची तारीख एका दप्तरांतून घेतली व निघून जाण्याची दुसऱ्या दप्तरांतून. एकाच गणनेंत मोजलें तर १६ पासून २३, दोन्हीं टोकें धरून नेमके आठ दिवस होतात. मुदत आठ दिवसांची होती आणि शिबंदी आठव्या दिवशीं गेली. वाढवून दिलेला असा एकहि दिवस तेथें नाहीं.

आमच्या सारख्या शके व तिथि यांत वाढलेल्या माणसाची ही चूक अधिकच लाजिरवाणी. शके १६६१ च्या वैशाखाचें गणित मांडून पाहिलें असतें तरी ती सांपडती. १६ मे ही शुद्ध अष्टमीच्या आसपास येते आणि २३ मे ही वैशाखी पौर्णिमेच्या आसपास. (आम्हीं मध्यम मानानें गणित केलें आहे, एखाद्या तिथीचा फरक ज्योतिषज्ञांनीं सुधारून घ्यावा.) मराठी पत्रांतील वैशाख शुद्धांतल्या सुरुंगांच्या व हल्ल्यांच्या हकीकती यांशीं बरोबर जुळतात. कौल ज्यूलियन ५ ऐवजीं ग्रेगरी ५ मेला झाला असें धरलें तर तो चैत्र वद्यांत पडतो, म्हणजे सुरुंग उडण्याच्या आधींच किल्ला पडला असें म्हणावें लागेल. ऐतिहासिक कागदांचा संग्रह करणाऱ्यांपैकीं किती जणांच्या वहींत अशा मिश्र तारखा असतील, याचा ज्याचा त्यानें विचार करावा. आम्हांस स्वतःचाच अनुभव पुरे आहे.

जातां जातां एक योगायोग. नादिरशहानें दिल्ली सोडली ती हिजरी ११५२ च्या सफर महिन्याच्या सातव्या दिवशीं, म्हणजे नव्या गणनेच्या १६ मे १७३९ रोजीं. वसईचा कौल आणि दिल्लीची सुटका या एकाच दिवशींच्या गोष्टी ठरतात. अर्थात् वसईच्या छावणींत हें कोणास ठाऊक असणें शक्य नव्हतें. तेथें तर उत्तरेची चिंता तशीच होती, आणि तिचा या प्रकरणाशीं संबंध कसा येतो तें पुढें सांगूं.

आतां तारखेचा प्रश्न मिटला म्हणून विषय मिटत नाहीं. उलट येथूनच तो सुरू होतो. वसईच्या मोहिमेवर मराठींत साधनांची वाण नाहीं. पारसनीसांनीं १९०० मध्यें ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. राजवाड्यांनीं १९०१ मध्यें साधनांच्या तिसऱ्या खंडांत स्वामींचा पत्रव्यवहार छापला व प्रस्तावनेंत स्वामींची जी झाडाझडती घेतली ती साताऱ्याकडील अनेक भाविकांस अजून पचलेली नाहीं. सरदेसायांनीं पेशवे दप्तराच्या निवडींत या मोहिमेस स्वतंत्र भाग दिला. य. न. केळकरांनीं ‘वसईची मोहीम’ लिहिली. पिसुर्लेंकरांनीं गोव्याचें दप्तर मोकळें करून फिरंग्यांची बाजू आपल्या पुढें आणली. इतकें असून आमच्या शाळांतून, व्याख्यानांतून आणि गांवोगांवच्या लेखांतून जी वसई सांगितली जाते ती सुरुंगापाशीं सुरू होते आणि निशाणापाशीं संपते. निशाण चढण्यापूर्वीं कोट रिकामा व्हावा लागला. कित्येक शेंकडे शिपाई, त्यांच्या बायकामुलांसह, पाण्यावरून न्यावे लागले. ते कोठें गेले, कसे जगले, किती उरले, हें विचारण्याचें आमच्या लेखकांस सुचत नाहीं. आम्हांसहि सुचलें नव्हतें. घाटावरच्या लेखणीला समुद्र लागला कीं ती वाळूंत रुतते, हा दोष आम्ही सर्व देशस्थ लेखकांचा म्हणून मान्य करतों.

कोंडी कशी झाली होती तें प्रथम पाहावें. वसईच्या कोटास तीन बाजूंनीं पाणी व दलदल, आणि जमिनीकडून वाळूची एकच अरुंद वाट. अशा जागेस वेढा घालणारा केवळ जमिनीवर बसून कांहीं करूं शकत नाहीं, कारण आंतल्यांचा दाणागोटा आणि दारूगोळा समुद्रानें येतो. साष्टी १७३७ मध्येंच मराठ्यांकडे आली होती. १७३९ च्या फेब्रुवारींत वसईस मोर्चे लागले आणि त्याच सुमारास वेसावें व धारावी हीं ठाणीं घेण्यांत आलीं. धारावी म्हणजे वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरची; मुंबईंतील त्याच नांवाच्या वस्तीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. ही टेकडी हातीं आल्यानें खाडीच्या तोंडावर मराठ्यांची नजर बसली, आणि मानाजी आंग्र्याचीं गलबतें बाहेर फिरूं लागलीं. गोव्याहून आरमार येईल तर तेंहि नाहीं, कारण त्याच वर्षाच्या आरंभीं व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टींत शिरले होते व व्हाइसरॉय सांदोमिल यास आपल्याच घराची काळजी पडली होती. उत्तरेचा सेनापति सिल्व्हेरा द मेनेझेश वेढ्यांतच मारला गेला. त्याच्या मागें कायतानो द सोझा परेरा याच्यावर भार आला, आणि शेवटीं कौलावर सही करण्याचा प्रसंगहि त्याच्यावरच आला.

मुंबईकर इंग्रज हे शेजारी. परंतु शेजारधर्माचा हिशेब ते रुपये-आण्यांत ठेवीत. त्यांनीं दारू व गोळे पुरविले. आणि अगदीं शेवटीं पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले ते देवळांतील चांदीचीं उपकरणें आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेतल्यावर. जो कोट वांचविण्यासाठीं तोफा हव्या, त्याच कोटाच्या तोफा गहाण पडतात, यावरून आंतील लोकांच्या अवस्थेची कल्पना यावी. पुढें वसईंत चांदी कां सांपडली नाहीं असें विचारणाऱ्यांनींहि ही गहाणखताची गोष्ट लक्षांत ठेवावी.

कौलाची कलमें आतां सर्वांस ठाऊक आहेत. शिबंदीनें हत्यारांसह, नगारे वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडावें, कांहीं तोफा बरोबर न्याव्या. बंदरांतील गलबतांस निर्वेध जाऊं द्यावें. कबिले व वस्तभाव नेण्यास आठ दिवस द्यावे. जे किरिस्तांव मागें राहतील त्यांच्या धर्मास उपद्रव होऊं नये. निशाणें फडकवीत जाण्याच्या कलमास आमच्याकडे ‘फिरंग्यांची बढाई’ समजण्याची रीत आहे. ती बरोबर नाहीं. युरोपांत त्या काळीं शर्थीनें लढून शरण आलेल्या शिबंदीस हा मान देण्याची चाल होती, व ज्यास हा मान मिळे त्याच्या सेनापतीस मायदेशीं जाब कमी द्यावा लागे. हा मान देण्यांत मराठ्यांचें कांहीं गेलें नाहीं आणि फिरंग्यांचें पुष्कळ राहिलें. असे सौदे ज्यास करतां येतात त्यास मुत्सद्दी म्हणतात.

तेव्हां प्रश्न असा कीं, अप्पांनीं हा कौल कां दिला? तीन महिने झुंजून, ग्रँट डफच्या आंकड्याप्रमाणें पांच हजारांवर माणूस मृत व जखमी होऊन, जो कोट आज-उद्यां पडणार, त्यांतल्या माणसांस हत्यारांसह जाऊं द्यावें हें साधें नव्हे. छावणींतले अनेक जण सूडास टेंकलेले असणार. त्याच वर्षीं तारापुरावर कौल झाला नाहीं. तो हल्ल्यानें घेतला गेला, आणि त्या हल्ल्यांत बाजी भीवराव रेठरेकर पडले. रेठरें हें कृष्णाकांठचें, आमच्याच जिल्ह्यांतलें गांव. अशीं माणसें गमावलेल्या फौजेस आठ दिवस हात आंखडून उभें करणें हें सुरुंग उडविण्याहून सोपें नसावें.

औदार्य हें एक उत्तर आहे, पण तेवढ्यानें भागत नाहीं, कारण त्याच उत्तरानें आम्हीं एकदां फसलों आहों. आमचे मतें कारणें तीन. पहिलें मनुष्यहानि. भिंतींस खिंडार पडलें होतें. परंतु खिंडारांत शिरल्यावर गल्लोगल्लीं, मठामठांतून लढावें लागणार होतें. दुसरें उत्तर. नादिरशहा दिल्लींत आहे, तो दक्षिणेस येणार कीं काय, बाजीराव तिकडे फौज कशी जमवितो, या विवंचनेंत कोंकणांत अडकलेली सर्वांत मोठी फौज मोकळी होणें अगत्याचें होतें. दिल्ली त्याच दिवशीं मोकळी झाली हें वर सांगितलेंच. पण बातमी घोड्याच्या वेगानें येते, पंचांगाच्या नव्हे.

तिसरें कारण कोणी सांगत नाहीं, आणि आम्हांस तेंच मुख्य वाटतें. तें म्हणजे पाऊस. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे कोंकणांत दर्या बंद होण्याची वेळ. मृग लागला कीं लहान तारवें खाडींत ओढून शाकारून ठेवतात आणि श्रावणी पौर्णिमेला नारळ पडेपर्यंत बाहेर काढीत नाहींत. कौल आणखी पंधरा दिवस लांबता तर फिरंग्यांस पाण्यानें जातां आलें नसतें, मराठ्यांस मोर्चांत राहतां आलें नसतें, आणि चिखलांत अर्धवट घेतलेला कोट आश्विनापर्यंत तसाच राहता. आठ दिवसांची मुदत ही उदार आहे कीं कंजूस, हें या दृष्टीनें पाहावें. ती दोघांस पुरेल एवढी आणि कोणासहि पालटण्यास न पुरेल एवढी आहे. शेवटचा दिवस पौर्णिमेच्या लगत येतो, म्हणजे उधाणाच्या भरतीचा. गाळ व वाळू धरणाऱ्या खाडीच्या मुखांतून भरलेलीं तारवें काढण्यास याहून सोयीची वेळ नाहीं. मुदत ठरवितांना कोणी भरतीचा विचार केला होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोन्हीं बाजूंस कोळी, भंडारी, खारवी हीं माणसें होतीं, आणि त्यांना पौर्णिमा सांगावी लागत नाहीं.

हें सर्व लिहितांना कौटिल्याची आठवण होणें आम्हां संस्कृत शिकलेल्यांस अपरिहार्य. किल्ला घेतांना पडलेल्यास, पाठ फिरविलेल्यास, शस्त्र टाकलेल्यास अभय द्यावें असें त्यानें सांगितलें आहे. आणि दुसऱ्या ठिकाणीं, जिवाची आशा सोडलेला शत्रु उलटून आला तर त्याचा जोर आवरत नाहीं म्हणून मोडलेल्या सैन्यास अधिक पिळूं नये, असाहि व्यवहार सांगितला आहे. व्याख्यानांत आम्हीं पहिलें वचन सांगितलें आणि दुसरें गाळलें. वास्तविक वसईस दुसरें अधिक लागूं पडतें. मात्र अप्पांनीं अर्थशास्त्र वाचून कौल दिला असें म्हणण्याचा मोह कोणास होऊं नये. तो ग्रंथ १९०९ मध्यें शामशास्त्र्यांनीं म्हैसुरास छापीपर्यंत जवळजवळ लुप्त होता. पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, ग्रंथ नसला तरी त्यांतलें शहाणपण रणांगणावर असूं शकतें.

आतां दंतकथांकडे. पहिली शिराची : “वसई येत नाहीं तर माझें शीर तरी तोफेनें आंत टाका.” आम्हीं ही पस्तीस वर्षें वर्गांत सांगितली, आणि मुलें दर वेळीं ताठ बसत. समकालीन पत्रांत तिला आधार आमच्या पाहण्यांत नाहीं. तरी ती निरुपद्रवी आहे. हट्ट व वैताग यांचें चित्र म्हणून ठीक. दुसरी कथा मात्र उपद्रवी आहे. ती अशी कीं, वसईच्या फिरंगी अधिकाऱ्याची सुंदर स्त्री (कोणी सून म्हणतात, कोणी मुलगी) मराठ्यांच्या हातीं लागली व अप्पांनीं तिला सन्मानानें परत पाठविलें. ही कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट नांवें बदलून लिहिलेली आहे, हें कोणाहि वाचकास ओळखतां येईल. उपद्रव असा कीं, तिनें खरी गोष्ट झांकली. कौलाच्या कलमानें एक नव्हे, कोटांतले सर्व कबिले सुरक्षित गेले. त्यांत कोणी सुंदर असतील, कोणी म्हाताऱ्या, कोणी तान्हीं मुलें घेतलेल्या. शेंकडों अनाम माणसांच्या सुटकेचें श्रेय सोडून एका कल्पित स्त्रीच्या सुटकेचें श्रेय घेणें हा तोट्याचा व्यापार होय.

घंटांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून संग्राहक वाचक आम्हांस सोडणार नाहींत. मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ व नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हीं सालें आहेत, आणि दोन्हीं ‘वसईच्या’ म्हणून प्रसिद्ध आहेत. सालें ओतकामाचीं आहेत. घंटा कोणत्या देवळांतून व कधीं निघाली हें तीं सांगत नाहींत. १७३७ पासून १७३९ पर्यंत साष्टी, ठाणें, माहीम, तारापूर, डहाणू अशा अनेक ठिकाणचीं देवळें हातीं आलीं होतीं. जी घंटा घाटावर चढली ती वसईची, असा जो सरसकट समज आहे तो प्रत्येक घंटेपुरता तपासला पाहिजे. कौलानें लोकांस वस्तभाव नेण्याची मोकळीक होती. परंतु खंडोगणती वजनाची घंटा बुरुजावरून उतरवून, बायकामुलांनीं भरलेल्या तारवांत घालण्याइतकी सवड आठ दिवसांत कोणास झाली नसावी. म्हणून कांहीं घंटा वसईच्याच असतीलहि. मेणवली आमच्या साताऱ्याकडची, तेव्हां तिचा आम्हांस अभिमान आहे. पण अभिमान हा पुरावा नव्हे.

कोट रिकामा झाला, मराठे आंत गेले, आणि आमच्या हकीकती येथें थांबतात. शिबंदी मात्र थांबली नाहीं. सात-आठशें माणसें मुंबईस उतरलीं. पावसाळा लागलेला, गोव्यास जाणें अशक्य. म्हणून इंग्रजांच्या आश्रयानें व त्यांच्याच पैशावर चार महिने काढणें आलें. या काळाचे कागद ठाणें जिल्ह्याच्या इंग्रजी ग्याझेटियरांत (१८८२) संक्षेपानें आले आहेत. ते वाचून मन विषण्ण होतें : पगार थकलेले, अधिकाऱ्यांत भांडणें, आणि पाहुण्यांचा कंटाळा आलेलें मुंबईचें कौन्सिल. त्याच वेळीं हें कौन्सिल मराठ्यांशीं मैत्री जोडण्याच्याहि खटपटींत होतें. कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे निघाला (महाराज त्या वर्षीं मिरजेच्या वेढ्यांत गुंतले होते), आणि कॅप्टन इंचबर्डनें जुलैंत खुद्द वसईस येऊन अप्पांशीं तह ठरविला. एका हातानें पराभूतांस भाकरी व दुसऱ्या हातानें विजेत्यास नजराणा, असा हा प्रकार. त्यास आम्ही दोष देत नाहीं. बेटावर राहणाऱ्यास दोन्हीं किनारे संभाळावे लागतात.

पाऊस सरल्यावर सप्टेंबरअखेर ती शिबंदी मुंबईहून चौलाकडे हलली. तेथून दक्षिणेस जातां जातां नोव्हेंबरच्या मध्यास ती गोव्यापासून कांहीं तासांच्या वाटेवर आली. अशा वेळीं ‘खेम सावंत’ हा ३०० स्वार व ५,००० पायदळ घेऊन तिच्यावर पडला व सुमारें दोनशें उत्तम माणसें मारलीं, असें इंग्रजी कागद सांगतात. उरलेले डिसेंबरांत गोव्यास पोंचले. वसईच्या खिंडारांत, दारूगोळ्यांत, उपासांत जे वांचले, ते घर दिसूं लागल्यावर पडले.

या नोंदींत एक नांवाची गफलत आहे ती दाखविली पाहिजे. १७३९ मध्यें वाडीस कोणी खेम सावंत गादीवर नव्हता. दुसरा खेम सावंत १७०९ मध्यें वारला आणि तिसरा १७५५ मध्यें गादीवर आला. मधल्या काळांत फोंड सावंत, व त्याच्या मागें रामचंद्र सावंत हे होत. जयराम सावंत कारभार पाहत होता. मुंबईकर इंग्रज वाडीच्या प्रत्येक अधिपतीस ‘खेम सावंत’ म्हणत, जसें आमच्याकडे कोणत्याहि इंग्रज अधिकाऱ्यास कांहीं काळ ‘कंपनी’ म्हणत. म्हणून हा हल्ला वाडीकरांचा समजावा, विशिष्ट खेम सावंताचा नव्हे. ग्याझेटियरावरून उतरून घेणाऱ्यांनीं नांव उतरलें आणि वंशावळ उघडली नाहीं.

या हल्ल्यावरून मराठ्यांनीं वसईचा कौल मोडला असा ठपका ठेवणें चुकीचें होईल. कौल अप्पांचा होता. तो वसईच्या कोटापासून समुद्रापर्यंतचा होता, आणि तो शब्दशः पाळला गेला. सावंत त्यांत सामील नव्हते; गोवेकरांशीं त्यांचें वैर जुनें व स्वतंत्र होतें. परंतु याच न्यायानें आमच्या लेखकांनींहि “मराठ्यांनीं फिरंग्यांस सुखरूप जाऊं दिलें” असें सांगून थांबूं नये. सुखरूप गेले ते मुंबईपर्यंत.

गेल्या शतकांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून १९४० च्या मे-जूनमध्यें ३,३८,२२६ माणसें नऊ दिवसांत तारवांत घालून नेलीं, त्यांत हिंदी खेचरपथकांचेहि लोक होते व ते १९३९ च्या डिसेंबरांत मुंबईहूनच निघाले होते. डंकर्कचें वर्णन करतांना इंग्रज लेखक मासेमारीच्या मचव्यांचींहि नांवें सांगतात. वसईच्या त्या आठ दिवसांत कोणाचीं तारवें लागलीं, भाडें काय पडलें, तांडेल कोण होते, एका खेपेस किती माणूस गेला, हें सांगणारा एकहि मराठी कागद आमच्या दृष्टीस आलेला नाहीं. शके १६६१ च्या वैशाख-ज्येष्ठांतील जकातीच्या, पाणीपट्टीच्या किंवा नावाडी-कोळ्यांच्या हिशेबाच्या फुटकळ यादी ज्यांच्या रुमालांत असतील, त्यांनीं त्या निरुपयोगी समजून बाजूस ठेवूं नयेत. मोहिमेचीं पत्रें सर्वांनीं शोधलीं. भाड्याच्या पावत्या कोणी शोधल्या नाहींत. आंग्र्यांच्या बाजूचा हिशेब जेथें असेल तेथें या दृष्टीनें पुन्हा एकदां पाहिलें पाहिजे, कारण खाडी सोडून निघालेल्या प्रत्येक तारवाकडे त्यांच्या माणसांनीं पाहिलें असणारच.

आमच्या जवळच्या स्मरणिकेच्या प्रतींत ‘अठरा’ हा शब्द खोडून आम्हीं समासांत ‘आठ’ लिहिलें आहे, आणि औदार्यावरील दीड पान तिरप्या रेघेनें छाटलें आहे. ज्यांच्या संग्रहीं ती स्मरणिका असेल त्यांनीं कृपा करून तसेंच करावें. विद्यार्थ्यास उत्तर पाठविलें आहे. त्याचें उलट टपालीं आलेलें पत्र असें कीं, पौर्णिमेचें गणित आपण कोणत्या वेळेचें केलें, सूर्योदयाचें कीं मध्यान्हाचें? तें आम्ही पुन्हा करून पाहत आहों.